स्टँटन, हॅरी डीन

(१४ जुलै १९२६–१५ सप्टेंबर २०१७). अमेरिकन चरित्र अभिनेता. चित्रपट व दूरचित्रवाणी या दोन्ही माध्यमांत त्याने साठ वर्षांहून अधिक काळ काम केले. त्याच्या भूमिका असलेल्या चित्रपटांची संख्या शंभराच्या वर जाते. दूरचित्रवाणी मालिकांतील फुटकळ भूमिका निराळ्याच. एवढ्या विस्तृत कारकीर्दीत प्रमुख भूमिका मात्र हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. त्यांतील पहिली महत्त्वाची भूमिका मिळाली, तेव्हा त्याच्या वयाला सत्तावन्न वर्षे झाली होती आणि अखेरची त्याने नव्वदीत साकारली.

‘चरित्र अभिनेता’ ही संज्ञा भारतीय चित्रपटसृष्टीत सामान्यतः वडील, काका, वृद्ध सेवक अशा प्रौढ भूमिका करणाऱ्या नटास लावली जाते. अमेरिकेत तिचा अर्थ याहून व्यापक आहे. कथेचा भार नायक-नायिकेवर असतो. परंतु ती कथा ज्या जगात घडते, ते जग खरे वाटावे म्हणून दुकानदार, तुरुंगातील कैदी, पोलीस शिपाई, मद्यगृहातील गिऱ्हाईक, भोंदू धर्मोपदेशक अशी माणसे लागतात. थोड्या वेळात ठसठशीतपणे उभी करावी लागणारी ही माणसे साकारणारा नट तो चरित्र अभिनेता. हॉलिवूडच्या मोठ्या निर्मितिसंस्थांचा अंमल होता, त्या काळी अशा नटांचा ताफा प्रत्येक संस्थेच्या पदरी कायम वेतनावर असे. ऑस्कर पारितोषिकांत सहायक अभिनयाचा स्वतंत्र विभाग १९३६ च्या चित्रपटांपासून सुरू झाला आणि त्याचा पहिला मानकरी वॉल्टर ब्रेनन याने पुढे हेच पारितोषिक आणखी दोनदा मिळविले. या विभागातील विजेत्यांना प्रारंभीची काही वर्षे नेहमीच्या पुतळ्याऐवजी एक फलक देण्यात येई, ही गोष्ट बोलकी आहे. १९४८ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने चित्रपटगृहांच्या मालकीसंबंधी दिलेल्या निर्णयानंतर निर्मितिसंस्थांची ही व्यवस्था मोडकळीस आली. स्टँटनच्या पिढीतील नटांना त्यामुळे पदरी ठेवणारा धनी उरला नाही. एका कामाहून दुसऱ्या कामाकडे त्यांना स्वतःच जावे लागले. त्याच सुमारास घरोघर पोहोचलेल्या दूरचित्रवाणीने त्यांना तारले.

स्टँटनचा जन्म केंटकी राज्यातील वेस्ट अर्व्हिन या लहानशा गावी झाला. वडील तंबाखूची शेती आणि केशकर्तनाचा व्यवसाय करीत. शालेय शिक्षण लेक्सिंग्टन येथे. दुसऱ्या महायुद्धात तो नौदलात दाखल झाला आणि रणगाडे व सैनिक किनाऱ्यावर उतरविणाऱ्या एका जहाजावर स्वयंपाकी म्हणून त्याने काम केले. १९४५ मधील ओकिनावाच्या लढाईच्या वेळी तो या जहाजावर होता. युद्ध संपल्यावर त्याने केंटकी विद्यापीठात वृत्तपत्रविद्या व नभोवाणी या विषयांचे शिक्षण घेण्यास प्रारंभ केला. तेथील गिन्योल नाट्यगृहात त्याने भूमिका केल्या आणि दिग्दर्शक वॉलेस ब्रिग्झ याच्या उत्तेजनामुळे विद्यापीठाचा अभ्यास सोडून कॅलिफोर्नियातील पॅसाडीना प्लेहाउस या नाट्यसंस्थेत त्याने अभिनयाचे शिक्षण घेतले. मधल्या काळात एका पुरुष गायकवृंदाबरोबर त्याने देशभर दौरेही केले. गाणे हे त्याचे पहिले प्रेम होते व ते अखेरपर्यंत टिकले. गिटार व माउथ ऑर्गन ही वाद्ये तो वाजवीत असे आणि उत्तर आयुष्यात स्वतःचे वाद्यवृंदपथक घेऊन तो लॉस अँजेल्समधील लहान कार्यक्रमगृहांत गात असे.

दूरचित्रवाणीवर तो प्रथम १९५४ मध्ये दिसला. त्यानंतरची सुमारे पंधरा वर्षे म्हणजे या माध्यमातील ‘वेस्टर्न’ मालिकांचा सुकाळ. गनस्मोक, रॉहाइड, बोनँझा, हॅव गन–विल ट्रॅव्हल यांसारख्या मालिकांचे नायक ठरलेले असत; परंतु दर आठवड्याला त्यांना एक नवा दरोडेखोर, गुरेचोर किंवा भेदरलेला साक्षीदार लागे. स्टँटनची कृश शरीरयष्टी, खोल गेलेले डोळे, लांबट गाल आणि दक्षिणेकडील संथ हेल या कामाला सोयीचे ठरले. एकट्या गनस्मोक मालिकेच्या आठ भागांत १९५८ ते १९६८ या दरम्यान तो निरनिराळ्या व्यक्तिरेखांत दिसतो. चित्रीकरणाचे मोजके दिवस, तालमींचा जवळजवळ अभाव आणि शेवटी बहुधा गोळी खाऊन मरणे, असे हे काम होते. या मालिका नटांची शाळा होत्या असे नेहमी म्हटले जाते. ते खरे असले, तरी ती शाळा निष्ठुर होती; एकाच साच्याच्या भूमिका वर्षानुवर्षे करताना बहुतेक नट त्या साच्यातच अडकले. या काळात श्रेयनामावलीत त्याचे नाव बहुधा ‘डीन स्टँटन’ असे येई, कारण हॅरी स्टँटन नावाचा दुसरा एक नट त्या वेळी काम करीत होता. पूर्ण नाव त्याला लावता आले, ते १९७० नंतर.

साच्यातून बाहेर पडण्याची दिशा त्याला एका लहान चित्रपटात सापडली. माँटी हेलमन दिग्दर्शित राइड इन द व्हर्लविंड (१९६६) या अल्पखर्ची वेस्टर्न चित्रपटाची पटकथा जॅक निकल्सन याने लिहिली होती. निकल्सन तेव्हा प्रसिद्धीस आलेला नव्हता. त्याची व स्टँटनची घनिष्ठ मैत्री होती. निकल्सनच्या १९६२ मधील विवाहात स्टँटन वराचा पाठराखा होता आणि पुढे काही काळ दोघे एकाच घरात राहिले. या चित्रपटात स्टँटनला टोळीच्या म्होरक्याची भूमिका मिळाली. एका डोळ्यावर पट्टी, डोक्यावर डर्बी टोपी असा त्याचा वेष. अभिनय म्हणून काहीच करू नकोस, जे करायचे ते कपड्यांना करू दे, तू फक्त तू राहा, असे निकल्सनने त्याला बजावले. हा प्रसंग स्टँटन पुढे मुलाखतींतून वारंवार सांगत असे व आपल्या अभिनयाची सुरुवात तेथून झाली, असे मानीत असे.

या सल्ल्याचा अर्थ नीट ध्यानात घ्यावयास हवा. ‘काही न करणे’ म्हणजे निष्क्रियता नव्हे. खलपुरुषाची भूमिका करणारा नट सामान्यतः आपण खलपुरुष आहोत हे प्रेक्षकांना दाखवून देत असतो; स्टँटनने हे दाखवून देणे थांबविले. त्याच्या चेहऱ्यावरची रेषा न हलताही तेथे काहीतरी घडत असल्याचा प्रत्यय येतो, कारण तो समोरच्या पात्राचे बोलणे खरोखर ऐकत असतो. रंगभूमीवर हे कौशल्य शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचणार नाही. कॅमेरा मात्र ते अचूक टिपतो. तो स्वतःचीच भूमिका करीत असे, असा आक्षेप त्याच्यावर घेण्यात आला आहे आणि त्यानेही तो कधी नाकारला नाही. परंतु त्याच्या भूमिका शेजारी शेजारी ठेवून पाहिल्या, तर हा आक्षेप टिकत नाही. वाइझ ब्लड (१९७९) या जॉन ह्यूस्टनच्या चित्रपटातील आंधळ्याचे सोंग घेतलेला धर्मोपदेशक आणि प्रिटी इन पिंक (१९८६) मधील पत्नी सोडून गेल्यामुळे खचलेला, मुलीच्या धाकात राहणारा बेकार बाप या दोन माणसांत चेहऱ्याखेरीज काहीही समान नाही.

१९६७ ते १९८० या काळात अमेरिकन चित्रपटाचे स्वरूप पालटले. घोटीव सौंदर्याच्या नायकांची जागा साध्या चेहऱ्याच्या नटांनी घेतली, चित्रीकरण खऱ्या रस्त्यांवर होऊ लागले आणि स्टँटनसारख्या नटांना मागणी आली. कूल हँड ल्यूक (१९६७) मधील गाणारा कैदी, टू-लेन ब्लॅकटॉप (१९७१) मधील वाटेत गाडीत घेतलेला एकाकी प्रवासी, सॅम पेकिनपाच्या पॅट गॅरेट अँड बिली द किड (१९७३) मधील टोळीवाला, द गॉडफादर : भाग दोन (१९७४) मधील एफबीआयचा माणूस अशा अनेक भूमिका त्याने या काळात केल्या. त्यांतील काही केवळ क्षणभराच्या आहेत. स्ट्रेट टाइम (१९७८) मधील भूमिका मात्र विशेष उल्लेखनीय होय. तुरुंगातून सुटून संसाराला लागलेल्या एका जुन्या गुन्हेगाराची ही भूमिका. घर आहे, अंगणात पोहण्याचा तलाव आहे, जेवणासाठी बाहेर शेगडी पेटलेली आहे. डस्टिन हॉफमनने रंगविलेला जुना साथीदार भेटीस आला असताना, पत्नी आत जाताच, हा सुखवस्तू गृहस्थ त्याच्याजवळ येथून आपल्याला बाहेर काढण्याची याचना करतो. स्टँटन हे वाक्य हळू आवाजात, पोहण्याच्या तलावाविषयी बोलावे तसे बोलतो. सुधारलेल्या गुन्हेगाराच्या मनातील पोकळी एवढ्या थोड्या अवकाशात क्वचितच कोणी दाखविली असेल.

रिडली स्कॉटच्या एलियन (१९७९) या विज्ञानपटाने त्याचा चेहरा जगभर पोहोचविला. विज्ञानकथा व राक्षसपट आपल्याला आवडत नाहीत, असे त्याने स्कॉटला पहिल्याच भेटीत सांगितले होते. ही नावड चित्रपटाच्या पथ्यावर पडली. ब्रेट हा अंतराळयानातील यंत्रकामगार त्याने असा साकारला, की तो मालवाहू ट्रकवरचा मदतनीस वाटावा. याफेट कोटो याने केलेला पार्कर व हा ब्रेट यांची खरी चिंता परग्रहावरील जीवसृष्टीची नसून आपल्याला मिळणाऱ्या कमी वाट्याची असते. हरवलेले मांजर शोधत ब्रेट साखळ्या लोंबकळणाऱ्या एका उंच दालनात येतो. वरून पाणी ठिबकत असते. तो क्षणभर थांबतो, टोपी काढतो आणि चेहरा वर करून ते पाणी अंगावर घेतो. थकलेल्या कामगाराचा हा छोटा विसावा संपतो न संपतो तोच त्याचा मृत्यू ओढवतो. या मृत्यूची भीती वाटते त्यापेक्षा हळहळ अधिक वाटते, याचे श्रेय त्या विसाव्याला द्यावे लागेल.

असे असले तरी स्टँटन स्वतः समाधानी नव्हता. न्यू मेक्सिकोतील सँटा फे येथे नाटककार सॅम शेपर्ड याच्याशी गप्पा मारताना, आपण करीत आलेल्या भूमिकांचा आपल्याला कंटाळा आला आहे व काही हळुवार, सुंदर असे करावयाची इच्छा आहे, असे तो बोलून गेला. शेपर्ड तेव्हा जर्मन दिग्दर्शक व्हिम व्हेंडर्स याच्यासाठी पॅरिस, टेक्सास (१९८४) या चित्रपटाची पटकथा लिहीत होता. त्यातील ट्रॅव्हिस या नायकाची भूमिका स्टँटनकडे आली. चार वर्षे नाहीसा झालेला ट्रॅव्हिस टेक्सासच्या वाळवंटात चालत असलेला दिसतो, तेथून कथा सुरू होते. चित्रपटाची पहिली सुमारे पंचवीस मिनिटे तो एक शब्दही बोलत नाही. कथेचा पट तसा साधा आहे : भाऊ त्याला शोधून घरी आणतो, आठ वर्षांच्या मुलाशी त्याचे नाते हळूहळू जुळते, मग बाप व लेक मिळून हरवलेल्या आईच्या शोधात ह्यूस्टनला जातात.

तेथील भेट ही स्टँटनच्या कारकीर्दीतील सर्वश्रेष्ठ कामगिरी होय. जेन (नास्तास्या किन्स्की) ज्या ठिकाणी काम करते, तेथे गिऱ्हाईक व स्त्री यांच्यामध्ये एक काच असते. गिऱ्हाइकाला ती दिसते, तिला मात्र काचेत स्वतःचेच प्रतिबिंब दिसते, बोलणे दूरध्वनीवरून. दुसऱ्या भेटीत ट्रॅव्हिस खुर्ची फिरवून तिच्याकडे पाठ करतो आणि एका पुरुषाची व त्याच्या तरुण पत्नीची गोष्ट, जणू ती दुसऱ्याच कोणाची आहे अशा रीतीने, सांगू लागतो. प्रेमाचे संशयात, संशयाचे दारूत व दारूचे क्रौर्यात कसे रूपांतर झाले, ते तो सांगतो. आवाज चढत नाही, हुंदका येत नाही. मधले थांबे तेवढे लांबत जातात. ऐकता ऐकता जेनला बोलणारा कोण हे उमगते. पुढे ती आपल्या बाजूचा दिवा मालवते, तो आपल्या चेहऱ्यावर उजेड पाडतो आणि मगच ती त्याला पाहू शकते. एखाद्या नामांकित नायकाने हे दीर्घ निवेदन केले असते, तर प्रेक्षकांनी कदाचित त्याच्या अभिनयाला दाद दिली असती. येथे दाद देण्याचे भान राहत नाही. तीस वर्षे कोपऱ्यात उभ्या असलेल्या माणसाला प्रथमच बोलावयास वेळ मिळाला आहे, असे वाटत राहते. रॉबी म्यूलरचे छायाचित्रण आणि राय कूडरचे गिटारवादन यांचा या परिणामात वाटा मोठा आहे. ध्वनिमुद्रिकेतील एक स्पॅनिश गीत स्टँटनने स्वतः गायिले आहे. १९८४ च्या कान चित्रपटमहोत्सवात या चित्रपटास ‘पाल्म दॉर’ हे सर्वोच्च पारितोषिक मिळाले.

त्याच वर्षी अलेक्स कॉक्सचा रेपो मॅन प्रदर्शित झाला. कर्जाचे हप्ते थकलेल्या लोकांच्या मोटारी ओढून आणण्याचा धंदा करणारा बड हा चिडखोर, स्वतःची आचारसंहिता असलेला माणूस त्यात स्टँटनने रंगविला. या दोन चित्रपटांमुळे तो नायकपदी स्थिर होईल, अशी अपेक्षा होती. तसे झाले नाही. मोठ्या निर्मात्यांना साठीकडे झुकलेल्या नायकाची गरज नव्हती, हे एक कारण. आणि मोठ्या भूमिकेसाठी धडपडण्याचा त्याचा स्वभाव नव्हता, हे दुसरे. तो पुन्हा दुय्यम भूमिकांकडे वळला. मार्टिन स्कोर्सेसीच्या द लास्ट टेम्प्टेशन ऑफ क्राइस्ट (१९८८) मध्ये त्याने संत पॉलची भूमिका केली. ऑस्कर पारितोषिकासाठी त्याचे नामांकन एकदाही झाले नाही. स्टँटन किंवा एम. एमेट वॉल्श यांपैकी कोणी एक सहायक भूमिकेत असलेला चित्रपट सर्वस्वी वाईट असू शकत नाही, असा एक ‘नियम’ समीक्षक रॉजर ईबर्ट याने अर्ध्या विनोदाने मांडला होता. या नियमाला अपवाद आढळल्याची कबुलीही त्याने पुढे दिली. त्यातील विनोद बाजूला ठेवला तरी, चरित्र अभिनेत्याच्या कामाचे इतके नेमके मूल्यमापन दुसरे नाही.

उत्तरकाळात दिग्दर्शक डेव्हिड लिंच याच्याशी त्याचे सहकार्य फलदायी ठरले. वाइल्ड ॲट हार्ट (१९९०), ट्विन पीक्स : फायर वॉक विथ मी (१९९२), इनलँड एम्पायर (२००६) या चित्रपटांत त्याच्या भूमिका आहेत, परंतु द स्ट्रेट स्टोरी (१९९९) मधील भूमिका आगळी म्हणावी लागेल. आजारी भावाला भेटण्यासाठी एक वृद्ध गृहस्थ गवत कापण्याच्या यंत्रावर बसून आयोवा राज्यातून विस्कॉन्सिनपर्यंत सुमारे ३८५ किमी. प्रवास करतो, अशी ही सत्यघटनेवर आधारलेली कथा. सबंध चित्रपटभर ज्या भावाविषयी बोलले जाते, तो अखेरच्या काही मिनिटांतच दिसतो. स्टँटनला वाक्ये दोन-तीनच आहेत. दाराशी उभ्या असलेल्या त्या यंत्राकडे पाहताना त्याच्या डोळ्यांत पाणी तरळते आणि वर्षानुवर्षांचा अबोला न बोलताच मिटतो. दोन तासांच्या प्रवासाचे सार्थक करण्याची जबाबदारी इतक्या थोड्या अवधीसाठी दुसऱ्या कोणावर टाकता आली असती, असे वाटत नाही.

दूरचित्रवाणीवर त्याला मोठी व सलग भूमिका मिळाली, ती ऐंशीव्या वर्षाच्या उंबरठ्यावर. एचबीओ वाहिनीच्या बिग लव्ह या मालिकेत (त्याचा सहभाग २००६–१०) यूटा राज्यातील बहुपत्नीक पंथाचा स्वयंघोषित ‘प्रेषित’ रोमन ग्रँट त्याने साकारला. गोड बोलून दहशत बसविणारा हा वृद्ध, गनस्मोकमधील बंदूकधाऱ्यांपेक्षा कितीतरी भयावह आहे. २०१७ मधील ट्विन पीक्सच्या नव्या मालिकेत त्याने कार्ल रॉड ही आपली जुनीच व्यक्तिरेखा पुन्हा रंगविली. मोटारीखाली सापडून मेलेल्या मुलाच्या आईजवळ जाऊन हा म्हातारा नुसता तिच्या डोळ्यांत पाहत बसतो, हा प्रसंग त्या गूढ मालिकेतील सर्वांत मानवी प्रसंग आहे.

लकी (२०१७) हा त्याचा अखेरचा महत्त्वाचा चित्रपट. दिग्दर्शक जॉन कॅरल लिंच हाही मूळचा चरित्र अभिनेताच. वाळवंटातील गावात एकटा राहणारा, ईश्वर न मानणारा नव्वद वर्षांचा लकी एके दिवशी चक्कर येऊन पडतो आणि मृत्यू जवळ आल्याचे त्याला प्रथमच जाणवते, एवढेच कथानक. नौदलातील स्वयंपाक्याचे काम, ओकिनावा, सिगारेटी, अविवाहित आयुष्य असे अनेक तपशील स्टँटनच्या जीवनातून घेतले आहेत. डेव्हिड लिंचने यात पळून गेलेल्या कासवाच्या मालकाची भूमिका केली असून एलियनमधील सहकलाकार टॉम स्केरिट हाही एका दृश्यात स्टँटनसमोर बसलेला दिसतो. एका मुलाच्या वाढदिवसाच्या मेळाव्यात लकी अचानक स्पॅनिश गाणे गाऊ लागतो. आवाज थकलेला आहे, सूर मात्र हललेला नाही.

स्टँटनवर सोफी हूबर हिने काढलेला पार्टली फिक्शन (२०१२) हा अनुबोधपट त्याच्या गाण्याभोवती गुंफलेला आहे. लेक्सिंग्टन येथे २०११ पासून त्याच्या नावाने चित्रपटमहोत्सव भरविण्यात येऊ लागला. लॉस अँजेल्स येथे त्याचे निधन झाले. त्यानंतर दोन आठवड्यांनी, २९ सप्टेंबर २०१७ रोजी, लकी अमेरिकेतील चित्रपटगृहांत प्रदर्शित झाला.